पाण्याखालच्या नऊ पायऱ्या

धारखेड, जि. अकोला
२४ जून २०२४

प्रिय मैना,

परवा फोनवर आपण पंधरा मिनिटं भांडलो आणि त्यातलं मला निम्मंच ऐकू आलं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, तू ओरडतेस आणि मी भलत्याच शब्दावर चिडते. म्हणून आता कागदावर लिहिते. माझ्या आप्पांनी, म्हणजे आपल्या गुरुजींनी, वर्गात पत्रलेखन शिकवलं, ते बासष्टाव्या वर्षी भांडणासाठी कामाला येईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

विषय तलावाचाच. गेली तीन वर्षं धारखेडच्या नळाला हिरवट पाणी येतंय. उन्हाळ्यात तर त्याला वास येतो. माझी नात स्वराली सुट्टीत आली की ते तोंडात घेत नाही, बाटली विकत आणते. निवृत्त झाल्यावर नगरपरिषदेने मला पाणी समितीवर घेतलं, रसायनशास्त्राची मास्तरीण म्हणून. तुमच्या बाजूने तलावात उतरणाऱ्या पाच नाल्यांचं पाणी मी अमरावतीला तपासून घेतलं. त्यात नत्र आणि स्फुरद नको तेवढं निघालं. शेतातलं खत, गोठ्यातलं शेण-मूत, सगळं वाहत येऊन तलावातलं शेवाळ पोसतंय. पिकाच्या तोंडचं शेवाळ खातंय आणि शेवाळाचं पाणी आम्ही पितोय.

मुख्याधिकारी म्हणाले, वरच्या सात गावांना नोटिसा काढू. मी म्हटलं, थांबा. आमचा जिल्हा अकोला, तुमचा अमरावती, ती फाइल दोन जिल्ह्यांच्या मध्ये कुठे तरी पडून राहील आणि पाणी हिरवंच येईल. कवठगव्हाणची सरपंच माझी मैत्रीण आहे, तिला लिहिते. सात ग्रामपंचायती आणि एक नगरपरिषद एकदा एका सतरंजीवर बसवायची आहे. तू बाकीच्या सहा सरपंचांना आणशील का?

महादेवाच्या देवळाजवळचा जुना घाट आठवतो ना? धरण झाल्यावर त्याच्या पायऱ्या पाण्यात गेल्या. माघात पाणी निवळलं की आपण काठावर पालथ्या पडून त्या मोजायचो. नऊ पायऱ्या दिसायच्या, मैना. नवव्या पायरीवर तुझी निळी बांगडी पडली होती, तीसुद्धा दिसायची. परवा जाऊन पाहिलं तर पहिलीही दिसली नाही. मी देवळाच्या ओट्यावर बसून रडले, आणि याची मला लाज वाटत नाही.

तुझी
तारा


कवठगव्हाण, जि. अमरावती
१० जुलै २०२४

तारा,

तुझं पाकीट पोस्टमनने पंचायतीत आणून दिलं तेव्हा सगळ्यांना वाटलं कोर्टाचा कागद आला. माझा मुलगा गोपाल वाचायला मागत होता, मी दिलं नाही. इतक्या वर्षांनी माझ्या नावाचं पत्र आलं, ते मीच वाचणार.

गुरुजींनी छडी दाखवून सांगितलं होतं की पत्रात मले-तुले लिहायचं नाही. म्हणून सांभाळून लिहिते आहे. माझी खरी भाषा ऐकायची असेल तर इकडे ये.

खताचं तू म्हणतेस ते खरं आहे. कृषी केंद्रात युरियाची गाडी कधी येईल याचा नेम नसतो. आली की रांग लागते, आणि पोतं घरात पडलं की माणसाला दम निघत नाही. आभाळ भरून आलेलं दिसतं, तरी फेकतो. दोन तासांनी पाऊस येतो आणि सगळं नाल्यात जातं. मग कपाशीची पऱ्हाटी पिवळी दिसते, म्हणून आणखी एक पोतं. हा शुद्ध गाढवपणा आहे हे आम्हालाही कळतं. पण शेजाऱ्याचं वावर हिरवंगार दिसायला लागलं की आपला हात थांबत नाही.

आता माझं ऐक. तलावात जमिनी गेल्या त्या या सात गावांच्या. पाणी गेलं तुमच्याकडे. पन्नास वर्षांत धारखेडहून कोणी विचारायला आलं नाही की बाई, तुमचं कसं चाललंय. पाणी हिरवं झालं तेव्हा आठवण आली. तुझ्या मुख्याधिकाऱ्याला सांग, एक नोटीस जरी आली तरी सतरंजी मी गुंडाळून ठेवीन. नाही आली तर सहाही सरपंच आणते.

घाट आठवतो. मी मामाकडे शिकायला आले ते त्याच वर्षी, धरणाचं काम नुकतं संपलं होतं. बांगडी आठवते, तिच्यापायी मामीने मारलेलंही आठवतं. पण नऊ पायऱ्या? मला सातच्या पुढे मोजल्याचं आठवत नाही. तू गणितात पहिली होतीस, तेव्हा तुझंच खरं असेल.

मैना


धारखेड
२९ जुलै २०२४

प्रिय मैना,

नोटीस येणार नाही, मी शब्द घेतला आहे. जमिनीचं तू लिहिलंस ते वाचून दोन दिवस उत्तर लिहायची हिंमत झाली नाही. आप्पांची बदली होईपर्यंत मी तुमच्या गावचंच पीठ आणि ताक खाल्लं, आणि नंतर मीही कधी विचारलं नाही.

पायऱ्या नऊच. मी तीन वेळा मोजल्या होत्या आणि वहीत लिहिलं होतं. यावर वाद नको.

आता कामाचं. पाचही नाल्यांत घाण आहे, पण चार नंबरच्या नाल्यात बाकीच्यांच्या सहापट आहे. तो तुमच्या गावठाणाला लागून वाहतो. बाटल्या भरायला गेलेला आमचा माणूस सांगत होता की काठावर घराएवढा उकिरडा आहे, आणि पाऊस पडला की त्यातून चहाच्या रंगाचं पाणी थेट नाल्यात उतरतं. एवढा एक हलला तरी मोठं काम होईल. कोणाचा आहे? तू सरपंच आहेस, तुला ठाऊक असणारच. सभेआधीच त्या माणसाशी बोलून घे.

तुझी
तारा


कवठगव्हाण
१९ ऑगस्ट २०२४

तारा,

सहाही सरपंच यायला तयार आहेत. दोघं चहावर तयार झाले, तिघं माझ्या तोंडाला घाबरून, आणि एक त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून. सभा वीस सप्टेंबरला, आपल्याच शाळेत. तू बसायचीस त्या वर्गात आता भिंतीवर मोठा टीव्ही आहे, पण खिडकीची ती एक कडी अजून लागत नाही.

पोळ्याची गडबड आहे म्हणून थोडक्यात लिहिते. उकिरडा कोणाचा ते विचारून काय करतेस? गावाचा आहे समज. नाल्याकाठी उकिरडे आहेत कारण तिथेच सरकारी पडीक जागा होती. आमच्या आजेसासवांनी टाकले, आम्ही पुढे चालवले. सभेत युरियाचं बोल, मातीपरीक्षणाचं बोल. चार नंबरचं माझ्यावर सोड.

मैना


धारखेड
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय मैना,

तीन दिवस झाले, मला जेवण जात नाही.

मला वाटलं होतं तू कोणा मोठ्या माणसाला पाठीशी घालतेस. ज्याच्या हातात मतं आहेत असा कोणी तरी, म्हणून नाव सांगत नाहीस. सभेत सगळं चांगलं चाललं होतं. सात गावांचे लोक ऐकत होते, पाऊस पाहून खत द्यायचं सगळ्यांना पटत होतं. आणि मला शिक्षकी चढली. मी उभी राहून म्हणाले की चार नंबरच्या नाल्यावरचा उकिरडा ज्याचा असेल त्याने लाज बाळगावी, त्याच्यापायी अख्खं शहर घाण पाणी पितंय.

मग त्या पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला, यंत्र त्या दिवशी कधी नव्हे ते नीट चाललं. "तो उकंडा आमचा हाये. तिघी जावांचा. त्यातली एक तुह्या बाजूले बसून हाये. लाज कोनं धराची ते तिले इचार."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू सतरंजीकडे पाहत होतीस. मग तू उठून गेलीस आणि तुझ्यामागे सभाही उठली.

मी चुकले. पण मैना, तू मला आधी का सांगितलं नाहीस? मी विचारलं होतं ना?

तारा


धारखेड
१४ ऑक्टोबर २०२४

मैना,

दसरा झाला. तुझं उत्तर नाही. बाकीचे सरपंच म्हणतात, कवठगव्हाणची सही झाल्याशिवाय आमची नाही. ते जाऊ दे. तू रागाचं का होईना, एक पत्र लिही.

तारा


कवठगव्हाण
४ नोव्हेंबर २०२४

तारा,

रागाचंच लिहिते. दिवाळीआधी लिहिलं असतं तर आणखी वाईट लिहिलं असतं.

तू विचारलंस, का सांगितलं नाही. अठरा वर्षांपूर्वी आमच्या घरात वाटण्या झाल्या. तीन भाऊ, शेत तीन तुकडे. घरात दोन भिंती उठल्या. विहिरीचे वार ठरले. सासूची भांडीसुद्धा मोजून वाटली. त्या दिवसापासून मोठी जाऊ गोदाबाई आणि धाकटी पंचफुला माझ्याशी बोलत नाहीत, आपसातही बोलत नाहीत. तुला सभेत जे ऐकू आलं, ते गोदाबाईचं माझ्याबद्दलचं अठरा वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य होतं.

सगळं वाटलं, उकिरडा तेवढा राहिला. शेण कोण वाटत बसणार? म्हणून तिघींच्या गोठ्यांतलं अजूनही तिथेच पडतं. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उकिरड्यावर दिवा लावायची आमच्याकडे रीत आहे. तिघीही जातो. आपापला दिवा, आपापलं हळदकुंकू. वारा असला तर एकीचा पदर दुसरीच्या दिव्याला आडोसा होतो. पाच-सात मिनिटं तिघी जवळजवळ उभ्या असतो. बोलत नाही, पण असतो. पाच वर्षांपूर्वी माझे मालक गेले, त्या दिवाळीत मी दिवा न्यायला विसरले होते. गोदाबाईने दोन आणले होते. एक माझ्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेली.

उकिरडा हलवायचा तर तीन खड्डे होतील, ज्याचा त्याच्या वावरात. मग आमच्यात काहीच एकत्र उरणार नाही. सरपंच म्हणून मीच तो तोडायचा? हे मी तुला पत्रात कसं लिहायचं होतं? तुझ्या बाटलीत हे दिसलं असतं का?

यंदाही दिवे लावले. गोदाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. भर सभेत माझ्याकडे बोट दाखवल्याचा तिलाही त्रास झालेला दिसला.

आता दुसरं. सभेनंतर मी तलावाला पूर्ण वेढा घातला. एवढे नाले मोजलेस म्हणून पाहावं म्हटलं, बाकी काय आहे. तुमच्या बाजूला काठावर नवीन लेआउट पडलं आहे. तिथे बेशरमाच्या झुडपांखालून एक जाड पाइप निघतो आणि साबणाचं, संडासाचं पाणी तलावात सोडतो. वर साठ-सत्तर घरं आहेत. त्यातल्या एकाच्या गच्चीवर तुझी हिरवी साडी वाळत होती. हा पाइप तुझ्या यादीत नाही. कावून नाही? हा एक शब्द बोलीतलाच राहू दे, गुरुजी माफ करतील.

मैना


धारखेड
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैना,

यादीत होता. बाटल्या सहा भरल्या होत्या. मुख्याधिकारी म्हणाले, आधी गावांचं होऊ द्या, आपलं मग पाहू, नाहीतर लेआउटवाले ओरडतील. मी मान डोलावली. सहावा कागद माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. स्फुरदाच्या बाबतीत तो तुझ्या चार नंबरच्याही वर आहे. सोबत जोडला आहे.

हा प्लॉट मी हौसेने घेतला, खिडकीतून घाट दिसतो म्हणून. घर बांधलं तेव्हा सांडपाणी कुठे जाईल हे मी मिस्त्रीला विचारलंच नाही. तीस वर्षं मुलांना पाण्याचे गुणधर्म शिकवले आणि स्वतःच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते पाहिलं नाही. तुला लाज बाळगायला सांगितलं, त्या वेळी माझ्या कपाटात तो कागद होता. हे लिहितानाही तोंड कडू झालं आहे.

पुन्हा सभा बोलाव. नाही बोलावलीस तरी मी एकटी येईन आणि शाळेच्या ओट्यावर उभी राहून तो सहावा कागद आधी वाचीन. उकिरड्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. तो तुमच्या तिघींचा आहे, त्याचं तिघींनीच ठरवावं.

तारा


कवठगव्हाण
२ फेब्रुवारी २०२५

तारा,

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभांत सातही गावांनी ठराव केले. तुमच्या नगरपरिषदेची सही धरून आता आठ झाल्या. डिसेंबरच्या सभेत तू तो कागद वाचलास आणि म्हणालीस की यातलं एका घराचं पाणी माझं आहे, तेव्हाच काम झालं होतं. वरच्या गावचा एक सरपंच मला म्हणाला, "मास्तरीनबाईनं सोताचं पहिले सांगतलं. आता आपल्याले नाई म्हनता येत नाई." बाहेर गेल्यावर तू डोळे पुसत होतीस, मी पाहिलं. मुद्दाम जवळ आले नाही. माझा राग तेव्हा पुरता उतरला नव्हता.

तुझ्याकडे प्रत गेली असेलच, तरी लिहिते म्हणजे दोघींचं एकच राहील. तुम्ही पावसाळ्याआधी लेआउटचा पाइप तलावातून काढणार आणि आमच्या गावांत उंचावर विटांच्या खतटाक्या बांधून देणार. त्यातलं खत तुमच्या बागांना आधी विकत घेणार. आम्ही नाल्याकाठचे उकिरडे हलवणार, माती तपासूनच खत देणार, आणि आभाळ भरलेलं असताना युरियाचं पोतं कोणी फोडलं तर चावडीवर त्याचं नाव लिहिणार. उन्हाळ्यात तलावातला गाळ दोघांनी मिळून काढायचा आणि आमच्या वावरात टाकायचा. आमचंच वाहून गेलेलं आम्हाला परत.

आणि शेवटचं कलम तुझं. घाटाच्या नऊ पायऱ्या पाण्याखाली दिसल्या की काम पूर्ण झालं असं समजावं. आठ कार्यालयांच्या शिक्क्यांखाली आपला लहानपणचा खेळ लिहिला आहे, वाचून हसू येतं. आमच्या ग्रामसभेत ते कलम वाचलं तेव्हा गोदाबाई मागे बसली होती. तिच्या तोंडावर पदर होता. मला वाटलं खोकते आहे.

उकिरड्याचं अजून काही नाही. बाकी गावाचे हलतील, सरपंचाचाच राहिला तर मी कोणाला काय सांगू?

मैना


धारखेड
२० मार्च २०२५

प्रिय मैना,

आमचा रस्ता खणून ठेवला आहे. लेआउटवाले रोज माझ्या दारात येऊन मला शिव्या देतात, मी त्यांना चहा देते आणि यंत्र काढून ठेवते. पुढच्या महिन्यात पाइप बंद होईल. पाणी आता दगडगोट्यांच्या आणि कर्दळीच्या वाफ्यांतून मुरून बाहेरच्या बाहेर जाईल.

उकिरड्याचं विचारणार नाही असं म्हटलं होतं, म्हणून विचारत नाही. पण रोज पोस्टमनची वाट पाहते.

तारा


कवठगव्हाण
८ जून २०२५

तारा,

हलला.

एप्रिलमध्ये मी दोघींच्या दारात गेले. अठरा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. पंचफुलाने गुळाचा खडा आणि पाणी दिलं. गोदाबाई बाजेवर बसली होती. म्हणाली, "कावून हलवता वं उकंडा? त्यानं तुमचं काय खाल्लं?" मी म्हटलं, बाई, तीन टाक्या नको. जिथे आपल्या तिन्ही वावरांचे धुरे-बांध मिळतात तिथे उंचवटा आहे. तिथे एकच मोठी टाकी बांधू. तिघींची.

तिने धुऱ्याच्या दिशेने हात केला. मग म्हणाली की धुऱ्यावर तिच्या बाजूला निंब आहे, त्याला धक्का लागता कामा नये. मी म्हटलं, नाही लागणार. एवढीच अट.

हलवायला गोपालने ट्रॅक्टर आणला. पहिली खेप भरायच्या आधी गोदाबाई टोपलं घेऊन उकिरड्यावर चढली, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. अगदी तळातलं, जुनं, काळं भुसभुशीत खत हाताने काढून टोपल्यात घेतलं. म्हणाली, "नव्या टाकीले इरजन नाई लागत का?" ते टोपलं तिने डोक्यावर घेतलं, निम्म्या वाटेत पंचफुलाने, आणि धुऱ्यापर्यंत मी. टाकीत पहिलं तेच पडलं. नाल्याकाठी जिथे उकिरडा होता तिथे आता नुसता काळा डाग आहे. येता-जाता नजर तिकडेच जाते, खोटं कशाला सांगू.

गाळही निघाला. आमच्या बाजूने चाळीस ट्रॅक्टर चालले. तलाव इतका खाली गेला होता की घाट उघडा पडला होता. त्याबद्दल मला तुला एक सांगायचं आहे, पण आज नको.

मैना


कवठगव्हाण
२७ ऑक्टोबर २०२५

तारा,

डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तू दिवाळीला आली नाहीस, नाहीतर हे तोंडीच सांगितलं असतं. आता पट्टी निघाली असेल तर नीट बसून वाच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही तिघी धुऱ्यावर गेलो. वेगवेगळ्या नाही, बरोबर. गोदाबाईचा गुडघा धरतो, म्हणून पंचफुलाने तिचा हात धरला होता आणि तिघींचे दिवे माझ्या एकाच ताटात होते. टाकीच्या काठावर तीन दिवे ठेवले. गोदाबाईने पंचफुलाला विचारलं की चकल्या का कडक झाल्या यंदा. पंचफुला म्हणाली, तेल महाग. एवढंच बोलणं झालं. मला तेवढ्यानेच भरून आलं. माझे मालक असते तर त्यांना घरी जाऊन सांगितलं असतं, ते नाहीत म्हणून तुला सांगते.

आता घाटाचं. मे महिन्यात गाळ काढताना मी पायऱ्या उतरत गेले आणि मोजत गेले. सातव्या पायरीनंतर सपाट फरशी आहे. मला वाटलं खाली गाळात दबल्या असतील. गड्याकडून फावड्याने साफ करून घेतलं. खाली मुरूम लागला. पायऱ्या सातच आहेत, तारा. आठवी नाही आणि नववीही नाही. तू तीन वेळा मोजल्या असशील, वहीत लिहिल्या असशील, पण घाट बांधणाऱ्याने सातच बांधल्या.

मी घाबरले. आठ शिक्के, दोन जिल्हे, आणि कलमात नऊ. काम कधी पूर्णच व्हायचं नाही. धावत गोदाबाईकडे गेले. ती लग्न होऊन आली तेव्हा धरण नव्हतं, याच घाटावर तिने धुणी धुतली आहेत. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं." मी म्हटलं, मग ग्रामसभेत वाचलं तेव्हा बोलली का नाहीस? तेव्हा कळलं, त्या दिवशी ती पदराआड खोकत नव्हती, हसत होती.

मी म्हटलं, पुन्हा सभा घेऊन कलम बदलते. तर म्हणाली, "बदलू नोको. सात म्हनसान तं सात दिसल्या की समदे आपापल्या घरी जातीन. नऊ म्हनलं तं करत राह्यतीन." वर म्हणाली, "आन् एका ठिकानी येत राह्यतीन."

पाच महिने हे पोटात ठेवलं. तुला सांगावं की नाही कळत नव्हतं. तुझ्या नऊ पायऱ्या तुझ्याकडून काढून घ्याव्यात असं मला वाटत नव्हतं. पण तू सहावा कागद कपाटातून काढला होतास, तेव्हा मीही हे लपवू नये असं वाटलं. आता कलमाचं काय करायचं ते तू ठरव. मास्तरीण तू आहेस.

बांगडी सापडली नाही. खूप शोधली.

मैना


धारखेड
२४ जानेवारी २०२६

प्रिय मैना,

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी चिडले होते. मग आप्पांच्या ट्रंकेतून माझी सातवीची वही काढली. त्यात खरंच लिहिलं आहे, "घाट, ९ पायऱ्या". नऊचा आकडा खोडून गिरवलेला आहे. खाली काय होतं ते नव्या डोळ्यालाही दिसत नाही. मला वाटतं मी तुझ्यापेक्षा जास्त मोजल्या असं तुला दाखवायचं होतं. तू त्या वर्षी नवीन आली होतीस आणि आप्पा वर्गात सारखं तुझंच कौतुक करत होते. पुढची पन्नास वर्षं मी ते खरं धरून चालले, आणि तुझ्यासकट आठ कार्यालयांना धरायला लावलं.

काल समितीच्या बैठकीत मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं की कलमात काही दुरुस्ती आहे का. मी म्हटलं, नाही. गोदाबाईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

आज सकाळी घाटावर गेले होते. माघाचं ऊन होतं, वारा पडलेला होता. काठावर पालथं पडता आलं नाही, कंबर ऐकत नाही, म्हणून काठावरच बसून वाकून पाहिलं. वास नव्हता. आधी माझंच तोंड दिसलं, मग खाली दगड दिसायला लागले. यंदा पाहणी तुझ्याशिवाय केली, पुढच्या माघात दोघी मिळून करू. तोवर माझ्या मोजण्यावर भरवसा ठेव, या खेपेला आकडा खोडलेला नाही.

तीन दिसल्या. अजून सहा बाकी आहेत.

तुझी
तारा